सच्छिद्र सिरॅमिक वायू संवेदक

हवेतील विशिष्ट वायूचे अस्तित्व व प्रमाण विद्युत् संकेताच्या रूपात दाखविणाऱ्या उपकरणास वायू संवेदक किंवा गॅस सेन्सर म्हणतात. स्वयंपाकघरातील गॅसगळतीचा इशारा देणारी यंत्रे, खाणीतील मिथेनमापक आणि मोटारींच्या धुराड्यातील ऑक्सिजन संवेदक यांत बहुधा सच्छिद्र सिरॅमिकचा वापर केलेला असतो. वायू या छिद्रांतून आत शिरतो व आतील पृष्ठभागावर त्याची विक्रिया होते. त्यामुळे रासायनिक संघटन तेच असूनही छिद्रांचा आकार बदलला की संवेदकाची संवेदनशीलता, निवडक्षमता, प्रतिसादकाल आणि टिकाऊपणा बदलतो.

इतिहास

जपानमधील क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व सहकाऱ्यांनी 1962 मध्ये दाखवून दिले, की तापलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थराची विद्युत् संवाहकता भोवतालच्या वायूनुसार बदलते. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिल ऑक्साइडच्या सच्छिद्र संवेदकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. जपानी घरांत सिलिंडरचा गॅस पसरत होता आणि गळतीमुळे स्फोट होत होते, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. 1968 पासून हे संवेदक बाजारात आले. त्यांच्या जुन्या रचनेत ॲल्युमिनाच्या बारीक नळीवर कथिल ऑक्साइडचा लेप भाजून बसवलेला असे आणि नळीच्या आत तापक तार असे.

कार्यतत्त्व

कथिल ऑक्साइड हा अर्धसंवाहक आहे. साधारण 200 ते 450 अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ऑक्सिजन त्याच्या कणांवर अधिशोषित होतो व कणातील इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. परिणामी कणाच्या बाह्य भागात इलेक्ट्रॉनांचा तुटवडा असलेला थर तयार होतो, कणाकणांमधील सीमांवर अडथळा उभा राहतो आणि रोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन आला, की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो. इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. हा सगळा व्यवहार पृष्ठभागावर घडतो. भरीव स्फटिकाच्या अंतर्भागाला त्याचा पत्ताही लागत नाही, सच्छिद्र पदार्थात मात्र जवळजवळ प्रत्येक कण वायूच्या संपर्कात येतो.

तुटवड्याच्या थराची जाडी सुमारे 3 नॅनोमीटर असते. नोबोरु यामाझोए यांनी 1991 मध्ये दाखविले, की कणाचा व्यास याच्या दुपटीच्या, म्हणजे सुमारे 6 नॅनोमीटरच्या, आसपास व त्याखाली गेला की संवेदनशीलता झपाट्याने वाढते. कारण तेव्हा संपूर्ण कणच या थरात सामावतो.

छिद्रांचा आकार आणि विसरण

बारीक कण दाटीने रचले, की त्यांमधील छिद्रेही बारीक होतात. खरी अडचण येथे सुरू होते. साध्या तापमानाला व दाबाला हवेतील रेणू दोन टकरींमध्ये सरासरी 70 नॅनोमीटरच्या आसपास अंतर कापतो. छिद्र याहून पुष्कळ अरुंद असेल, तर रेणू एकमेकांपेक्षा भिंतींवरच अधिक आदळतात. यास नुडसेन विसरण म्हणतात. त्याचा वेग छिद्राच्या त्रिज्येच्या सम प्रमाणात आणि रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे एकाच छिद्रातून हायड्रोजन हा कार्बन मोनॉक्साइडपेक्षा सुमारे पावणेचार पट वेगाने पसरतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी बनविलेल्या संवेदकाला हायड्रोजनचा उपद्रव होतो, त्याचे हे एक कारण आहे.

शिवाय वायू आत जाता जाता खर्च होत असतो. तापमान कमी असेल तर विक्रियाच मंद होते. फार जास्त असेल तर वायू बाहेरच्या कणांवरच जळून संपतो व आतील कण कोरडेच राहतात. म्हणून तापमानाविरुद्ध संवेदनशीलतेचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो. हा विचार गणिती रूपात 2001 मध्ये साकाई, यामाझोए आदींनी मांडला. "जितकी छिद्रे अधिक तितका संवेदक चांगला" हे पाठ्यपुस्तकी विधान त्यामुळे अपुरे ठरते. वायूला वाट देणारी मोठी छिद्रे आणि पृष्ठभाग पुरविणारी लहान छिद्रे एकत्र असलेली रचना सहसा अधिक उपयुक्त असते. अशी मोठी छिद्रे ठेवण्यासाठी कच्च्या मिश्रणात स्टार्च किंवा पॉलिमरचे मणी मिसळतात. भाजताना ते जळून जातात व त्यांच्या जागी पोकळी उरते. मात्र तापपिंडन, म्हणजे न वितळविता भाजून कण एकमेकांस जोडणे, लांबले तर कण वाढतात आणि छिद्रे बुजतात. अपुरे झाले तर थर ठिसूळ राहतो.

विसरणातील हाच अडथळा कामालाही लावता येतो. मिथेन सहजासहजी जळत नाही, मद्यार्काची वाफ जळते. संवेदकावर उत्प्रेरकयुक्त सच्छिद्र थर दिल्यास वाफ वाटेतच नष्ट होते, मिथेन तळापर्यंत पोहोचतो आणि खोटा इशारा टळतो. मोटारींतील विस्तृत पल्ल्याच्या झिर्कोनिया संवेदकातही सच्छिद्र सिरॅमिकचा अडसर ऑक्सिजनचा ओघ मुद्दाम मर्यादित करतो.

छिद्रे बुजणे

खाणींत वापरल्या जाणाऱ्या पेलिस्टरमध्ये प्लॅटिनमच्या तारेभोवती सच्छिद्र ॲल्युमिनाचा मणी असतो व त्यात पॅलॅडियमसारखा उत्प्रेरक असतो. ज्वलनशील वायू त्यावर जळतो, तार तापते आणि तिचा रोध वाढतो. सिलिकॉनयुक्त वंगण वा पॉलिश यांची वाफ मण्यात शिरल्यास तेथे सिलिका साचते, उत्प्रेरक झाकला जातो व छिद्रे बंद होतात. असा संवेदक बिघडल्याचे दर्शवीत नाही. वायू असतानाही तो शून्यच दाखवितो. म्हणून ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून त्याची वेळोवेळी चाचणी घ्यावी लागते. गंमत अशी, की कथिल ऑक्साइडवर सिलिकेचा असाच दाट थर हेतुतः चढविला, तर त्यातून प्रामुख्याने हायड्रोजनच आत जाऊ शकतो, आणि या युक्तीने हायड्रोजनचे निवडक संवेदक तयार केले जातात.