बॅन्फच्या आधीचं बॅन्फ

बॅन्फची गोष्ट पर्यटकांना १८८३ सालापासून सांगितली जाते. कॅनडातल्या आजच्या आल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतातून लोहमार्ग टाकणाऱ्या तीन कामगारांना एका गुहेत गरम पाण्याचा झरा दिसला. मालकीवरून वाद पेटला. सरकारने १८८५ मध्ये झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली आणि दोन वर्षांत कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. स्टोनी नाकोडा या इथल्या मूळ रहिवाशांना हे झरे कितीतरी आधीपासून ठाऊक होते, हे त्या गोष्टीत ओझरतं येतं.

त्याहून जुनी गोष्ट डोंगराखाली, माळरानावर आहे. फोर्ट मॅक्लाउड गावाजवळ पॉर्क्युपाइन टेकड्यांच्या कडेला एक कडा आहे. फार उंच नाही. हजारो वर्षं पायथ्याशी हाडं आणि माती साचत गेल्याने आणखी बुटका झालेला. ही हाडं बायसनची. आपल्या गव्याचा हा नातलग स्वभावाने कळपाबरोबर धावणारा. माळरानावरच्या मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोकांनी आणि त्यांच्या पूर्वजांनी नेमकं तेच हेरलं. माळावर कित्येक किलोमीटर दगडांच्या लहान ढिगांच्या दोन रांगा मांडलेल्या असत, कड्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. कुणी वासराचं कातडं पांघरून कळपाला पुढे ओढी, कुणी लांडग्याचं कातडं घेऊन मागून रेटा देई. ढिगांआड दबा धरलेली माणसं ऐन वेळी उठून ओरडत. कळप उधळला की पुढच्यांना कडा दिसूनही थांबता येत नसे, कारण मागचे थांबत नसत. ही शिकार इथे जवळपास सहा हजार वर्षं चालली. १९८१ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

खाली खरं काम सुरू होई. मांस वाळवायचं, कुटायचं, चरबीत कालवायचं, त्यात रानबोरांसारखी फळं घालायची. हे पेमिकन महिनोन्‌महिने टिके. पुढे फरचा व्यापार करणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या होड्या याच शिदोरीवर चालल्या.

मग घोडे आले, बंदुका आल्या, कातड्यांना बाजार मिळाला. १८७७ मध्ये ब्लॅकफूट आणि स्टोनी यांनी सरकारबरोबरच्या सातव्या तहावर सह्या केल्या, तेव्हा कळप आटत चालले होते. १८८०च्या दशकात ते संपलेच.

उपाशी माणसं डोंगरात शिकारीला वळणार, हे उघड होतं. उद्यानाचे पहिले अधीक्षक जॉर्ज स्टुअर्ट यांनी १८८७ मध्येच त्यांना उद्यानाबाहेर ठेवण्याची शिफारस केली. १८८८ मध्ये रेल्वेने बॅन्फला आलिशान हॉटेल उघडलं आणि पुढे हॉटेलच्या पाहुण्यांची करमणूक करायला त्याच स्टोनी लोकांना 'इंडियन डेज' नावाच्या उत्सवात तंबू, पोशाख आणि घोड्यांसह बोलावणं जाऊ लागलं. शिकारीला बंदी आणि नाचायला आमंत्रण: यापेक्षा निर्लज्ज सौदा शोधून सापडणार नाही.

त्यांच्या माहितीचा उपयोग मात्र सर्रास झाला. मॅरी शेफर या प्रवासी लेखिका १९०८ मध्ये मलीन सरोवरापर्यंत पोचल्या त्या सॅमसन बीव्हर या स्टोनी शिकाऱ्याने काढून दिलेल्या नकाशावर. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली वाट त्याने आठवणीतून कागदावर उतरवली होती. पर्यटकांना शिखरांवर न्यायला मात्र रेल्वेने १८९९ पासून स्वित्झर्लंडहून वाटाडे आणले. उद्यानातले काही रस्ते तर सक्तीच्या मजुरीतून झाले. पहिल्या महायुद्धात 'शत्रुदेशाचे' ठरवून डांबलेल्या, बहुतांशी युक्रेनियन, स्थलांतरितांना कॅसल माउंटनच्या छावणीतून त्या कामाला जुंपलं होतं.

२०१७ मध्ये उद्यानाने १६ बायसन पँथर नदीच्या खोऱ्यात आणून सोडले. ते आले एल्क आयलंड उद्यानातून, आणि तिथला कळप वाढला तो कॅनडा सरकारने १९०७ पासून मोंटानातल्या मिशेल पाब्लो या पशुपालकाकडून विकत घेतलेल्या जनावरांपासून. पाब्लोची आई ब्लॅकफूट होती.