ग्रीनस्टेडचं चर्च आणि वयातून वजा झालेली दोनशे वर्षं

संशोधनाच्या तयारीत असलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "एकदा प्रयोगशाळेनं तारीख दिली की वाद मिटला ना?" नाही मिटत. का मिटत नाही, हे समजून घ्यायला मला ग्रीनस्टेडच्या चर्चइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये, चिपिंग ऑंगरजवळ, ग्रीनस्टेड नावाचं छोटं गाव आहे. सेंट अँड्र्यूज हे तिथलं पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर. तिथल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनविधी त्याच चर्चमध्ये होत. मध्ययुगीन पॅरिश चर्च म्हटलं की आपल्याला दगडी भिंती आठवतात. इथं नेव्हच्या, म्हणजे भाविक बसतात त्या मुख्य दालनाच्या, भिंती ओकच्या खोडांच्या आहेत. खोड मधोमध उभं चिरायचं, सपाट बाजू आत आणि गोल बाजू बाहेर ठेवायची, आणि अशी अर्धी खोडं एकमेकांना खेटून उभी करायची. शेजारशेजारच्या खोडांच्या कडांना खाचा पाडून त्यांत लाकडी पट्टी सरकवलेली आहे, वारा आत शिरू नये म्हणून.

१९६० मध्ये या लाकडाचं वय वृक्षवलयांवरून काढलं गेलं आणि उत्तर आलं साधारण इसवी सन ८४५. झालं! नवव्या शतकातलं चर्च म्हणून त्याची ख्याती झाली. पुढे १९९५ मध्ये फेरतपासणी झाली आणि नवी तारीख मिळाली: १०५३, अधिक १० ते ५५ वर्षं. म्हणजे झाडं तोडली गेली १०६३ ते ११०८ च्या दरम्यान. एका फटक्यात वयातून दोनशेहून जास्त वर्षं वजा!

हे "अधिक १० ते ५५" काय प्रकरण आहे? ओकच्या खोडात आतलं लाकूड कठीण असतं आणि सालीलगतचं रसकाष्ठ मऊ. हे मऊ लाकूड किडे खातात, ते कुजतं, कधी सुतारच तासून टाकतो. त्यामुळे शेवटची वलयं हातात नसतात. मग ओकमध्ये रसकाष्ठाची वलयं साधारण किती असतात, याचा अंदाज धरून ती मिळवावी लागतात. साल शाबूत असती तर तोडणीचं नेमकं वर्ष सांगता आलं असतं. म्हणजे तारखेसोबत येणारी ही रुंदी हलगर्जीपणाची खूण नाही, ती पुराव्याचाच भाग आहे. प्रबंधात नुसतं "१०५३" लिहिलंत तर ते चूक ठरेल.

आता बघा, १०६३ ते ११०८ या टप्प्याच्या पोटात १०६६, म्हणजे नॉर्मन विजयाचं साल येतं. मग हे चर्च सॅक्सन की नॉर्मन? लाकूड याचं उत्तर देत नाही. बांधणीची रीत जुनी सॅक्सन वळणाची आहे हे खरं, पण राजा बदलला म्हणून गावातला सुतार दुसऱ्या दिवशी हात बदलत नाही. शैलीवरून थेट साल काढायचा मोह इथंच आवरायचा.

आणखी एक गोष्ट. परंपरा सांगते की १०१३ मध्ये राजा सेंट एडमंड याचं पार्थिव लंडनहून बरीला परत नेताना वाटेत इथं ठेवलं होतं. ८४५ ही तारीख धरली तर कथा या भिंतींशी छान जुळत होती. नव्या तारखेनुसार १०१३ मध्ये या भिंती नव्हत्याच. मग कथा खोटी ठरली का? तसंही नाही. १९६० च्याच उत्खननात चॅन्सेलखाली आणखी जुन्या लाकडी बांधकामांच्या खुणा मिळाल्या होत्या. म्हणजे या जागी आधी काही उभं होतं. भिंतींनी आपली साक्ष मागे घेतली, एवढंच म्हणता येतं. पुरावा निघून जाणं आणि विधान खोटं ठरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मुळात "चर्च किती जुनं" हा प्रश्नच ढोबळ आहे. वेदीकडचा भाग, म्हणजे चॅन्सेल, ट्यूडर काळात विटांनी बांधला गेला. १८४८ च्या दुरुस्तीत खोडांची कुजलेली बुडं कापून भिंती विटांच्या जोत्यावर बसवल्या. मग आज आपण बघतो ती भिंत अकराव्या शतकाची की एकोणिसाव्या? लाकूड जुनं, उभं राहणं नवं.

म्हणून तुमच्या विषयातली कोणतीही तारीख वापरण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: ही तारीख नेमकी कशाची आहे (झाड तोडल्याची, बांधकामाची की दुरुस्तीची)? तिची रुंदी किती? आणि उद्या ती बदलली तर माझ्या प्रकरणातली कोणती वाक्यं कोसळतील? तिसऱ्या ओळीचं उत्तर "सगळीच" असेल, तर प्रकरण पुन्हा लिहायला घ्या. व्हायव्हाच्या आधी घेतलेलं बरं.