पावसाळी वाट आणि उंच चाकाची सायकल

भर पावसात सायकलीवरून दूरचा पल्ला गाठणाऱ्याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या चाकाखालील रस्त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. ती काढावयास लावणारी एक सफर १८८६ साली हिंदुस्थानात घडली.

थॉमस स्टीव्हन्स हा इंग्लंडात जन्मलेला व अमेरिकेत गेलेला तरुण २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून सायकलीने निघाला. त्याच्या सायकलीचे पुढचे चाक ५० इंच व्यासाचे, तर मागचे अगदी लहान होते. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असून साखळी मुळीच नव्हती. डनलॉपचे हवेचे टायर १८८८ सालचे. म्हणजे याचे टायर भरीव रबराचे. असे उंच चाक चिखलात अडले की स्वार पुढच्या पुढे तोंडघशी पडावयाचा! सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि पावसाळी अंगरखा. हा अंगरखाच रात्री तंबूचे काम देई.

अमेरिका ओलांडून बोस्टनला पोहोचण्यास त्याला १०३ दिवस लागले. त्यांपैकी सुमारे २० दिवस मुख्यतः पावसापायी मुक्कामातच गेले आणि एकतृतीयांशाहून अधिक वाट त्याने पायी तुडविली. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या व लोहमार्गाच्या कडा, हेच तेथे त्याचे रस्ते होते.

पुढे युरोप, तुर्कस्तान व इराण पार करून, अफगाणिस्तानातून परत पाठविला गेल्यावर, तो समुद्रमार्गे कराचीस आला. लाहोरहून त्याने पुन्हा चाकावर पाय ठेवला, तेव्हा दिवस पावसाळ्याचे होते. तरीही दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद, काशी करीत त्याने कलकत्ता गाठले.

हे कशामुळे साधले? शेरशहाने सोळाव्या शतकात नावारूपास आणलेल्या या महामार्गावर एकोणिसाव्या शतकात पक्की खडी पडली होती. ही खडी म्हणजे उत्तरेतील कंकर, आपली चुनखडी. ती जमिनीतून खणून काढावयाची, पसरावयाची, तिच्यावर पाणी मारावयाचे आणि धुमसाने ठोकावयाची. चुन्याच्या अंशामुळे ती एकजीव होई. रस्ता शेतांहून उंच बांधलेला, मध्यभागी किंचित फुगीर. दोहो बाजूंस चर आणि जागोजागी मोऱ्या. त्यामुळे पाणी पडे, पण थांबत नसे. ख्रिस्ताच्या दृष्टांतात पर्जन्यवृष्टीतही खडकावरचे घर उभे राहते; पाया हा असा पावसातच पारखला जातो.

स्टीव्हन्स १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामास पोहोचला. सुमारे १३,५०० मैल सायकलीने तुडवून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला पुरुष. त्याच्या प्रवासवर्णनाचे दोन खंड १८८७ व १८८८ साली निघाले. कंकर खणणाऱ्या व धुमस चालविणाऱ्या मजुरांची नावे मात्र इतिहासाने राखली नाहीत.

आजही पाऊस लागला की कित्येक मुलेमुली दप्तर प्लास्टिकात गुंडाळून सायकलीने शाळेस येतात. डबक्याखाली दडलेला खड्डा त्यांस दिसत नाही. गावचा रस्ता नव्याने होईल, तेव्हा त्याच्या गुळगुळीतपणाबरोबर त्याचे चर व मोऱ्याही आपण पाहून घ्याव्यात आणि जेथे त्या नसतील तेथे विचारणा करावी.