सिंटालुटा स्टेशनातून निघालेली कंपनी

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, रिजायनाच्या पूर्वेला, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या मुख्य मार्गावर सिंटालुटा वसले आहे. आज वस्ती दोनशेच्या आत. उत्तर अमेरिकेतल्या शेतकरी सहकाराची एक मोठी शाखा इथून फुटली.

रूळ आले १८८२ मध्ये. दहा डॉलर भरून १६० एकर मिळत होते, म्हणून ओंटारियोतून शेतकरी येऊ लागले. त्याच सुमारास सायप्रस हिल्समधल्या नकोडा लोकांना तिथून उठवून या परिसरातल्या राखीव जमिनीवर आणले गेले. गावाची वाटचाल सांगताना हे वगळणे मला अप्रामाणिक वाटते.

गहू उत्तम पिकायचा, पण तो विकायचा कोणाला? रुळालगतची उंच धान्यकोठारे कंपन्यांची. वजन त्यांचे, प्रत ठरवणार तेच, कडताही तेच कापणार. १९०० च्या मॅनिटोबा धान्य कायद्याने शेतकऱ्याला धक्क्यावरून स्वतः वाघीण भरण्याचा हक्क दिला. मात्र १९०१ च्या भरघोस हंगामात वाघिणी कोठारवाल्यांकडेच गेल्या आणि गहू शेतात पडून राहिला. डिसेंबरात इंडियन हेड इथे शेतकरी जमले, संघटना उभी राहिली, विल्यम मदरवेल अध्यक्ष झाले. १९०२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली : स्टेशनात मागणीची वही ठेवायची आणि नोंदीच्या क्रमाने वाघीण द्यायची. क्रम पाळला गेला नाही, तेव्हा संघटनेने सिंटालुटाच्या स्टेशन एजंटवर फिर्याद लावली. तो दोषी ठरला, पन्नास डॉलर दंड झाला आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल उचलून धरला. दंडाची रक्कम क्षुल्लक होती. पण रेल्वेला शेतकऱ्याच्या रांगेचा मान राखावा लागेल, हे त्या दिवशी ठरले.

सिंटालुटाचेच एडवर्ड पार्ट्रिज एवढ्यावर थांबले नाहीत. १९०५ च्या जानेवारीत गावकऱ्यांच्या वतीने ते विनिपेगच्या धान्य बाजारात पाहणीला गेले. परतले ते एक निश्चय करून : बाजारात आपला स्वतःचा आडत्या हवा. १९०६ मध्ये ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी निघाली. पंचवीस डॉलरचा भाग, सुरुवातीला अडीच डॉलर भरायचे. धान्य बाजारातली सदस्यत्वाची जागा विकत घ्यायला पैसे कमी पडले, तेव्हा सिंटालुटाच्या काही शेतकऱ्यांनी वैयक्तिक हमी दिली. माझ्या लेखी संस्थेचे खरे भांडवल हेच.

काही आठवड्यांतच बाजाराने कंपनीला बाहेर काढले. नफा सभासदांना त्यांच्या मालाच्या प्रमाणात वाटण्याचा तिचा बेत होता, आणि ही आडत फोडण्याची युक्ती आहे असा ठपका ठेवला गेला. मॅनिटोबा सरकारने दबाव आणल्यावर १९०७ मध्ये प्रवेश परत मिळाला, पण त्यासाठी ती वाटणी सोडावी लागली. सहकाराचा गाभाच गहाण पडला, आणि तरी मला ही तडजोड योग्य वाटते. बाजाराबाहेर बसून शेतकऱ्याचे एक पोतेही विकले गेले नसते.

१९०८ मध्ये कंपनीने ‘ग्रेन ग्रोअर्स गाइड’ हे नियतकालिक काढले. पार्ट्रिज पहिले संपादक. १९१७ मध्ये अल्बर्टातल्या सहकारी कोठार कंपनीशी मिळून ती युनायटेड ग्रेन ग्रोअर्स झाली. पुढचा प्रवास भराभर सांगता येतो : १९९३ मध्ये शेअर बाजारात नोंदणी, २००१ मध्ये अ‍ॅग्रिकोर युनायटेड, २००७ मध्ये व्हिटेरा. २०१२ मध्ये व्हिटेरा ग्लेनकोर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली.