माकडताप आणि तीन राज्यांची सीमा

रानात माकड मेले तर त्याची दखल कोणी घ्यायची, असा प्रश्न या व्यासपीठावरून विचारला तर श्रोत्यांना हसू येईल. पण 1957 च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात हाच प्रश्न माणसांच्या जिवावर येऊन ठेपला होता. सागर आणि सोरब तालुक्यांतल्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली आणि त्याच रानात लाकूडफाट्याला किंवा गुरे घेऊन जाणारी माणसे एकाएकी तापाने फणफणू लागली. डोके फुटेल असे दुखे, अंग मोडून येई, कोणाच्या नाकातून तर कोणाच्या हिरड्यांतून रक्त वाही. गावकऱ्यांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडून या दुखण्याला नावही देऊन टाकले: कन्नडात 'मंगन कायिले', म्हणजे माकडांचा रोग. सरकारी आरोग्य खाते मात्र प्रारंभी विषमज्वराच्या वाटेने गेले होते.

माकडे मरतात हे कळताच पुण्यात खळबळ उडाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून 1952 साली पुण्यास विषाणू संशोधन केंद्र काढले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडे मरतात हे ठाऊक होते, आणि तो आशियात कधी शिरलेला नव्हता. तो शिरला तर काय, या धास्तीने टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह त्या रानात उतरले. निघाला तो पीतज्वर नव्हे, गोचिडीमार्फत पसरणारा एक नवाच विषाणू. क्यासनूर नावाच्या रानावरून त्याला नाव मिळाले. त्या वर्षी 466 माणसांना लागण झाली, पुढच्या वर्षी 181 जणांना.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्यांची पुनर्रचना होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मुंबई राज्यातली संस्था म्हैसूर राज्यातल्या रानात, अमेरिकन पैशाने आणि दिल्लीच्या परवानगीने काम करीत होती. भाषेच्या नि सीमेच्या प्रश्नावर सारा देश तापलेला असताना प्रयोगशाळांचे सहकार्य मात्र बिनबोभाट चालले.

त्याचा पल्ला पुढे आणखी लांबला. हा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला. मग तो सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर आला असेल काय? हे तपासण्यासाठी 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्षी पकडले, त्यांच्या पायांत कडी अडकवली. पक्ष्यांविषयी अपार माहिती मिळाली. विषाणू आणणारा पाहुणा काही सापडला नाही. पुढे या कामात अमेरिकन लष्कराचा पैसा आल्याचा गवगवा होऊन 1975 साली संसदेच्या लोकलेखा समितीने कडक ताशेरे ओढले. मदत घेताना मदत देणाऱ्याचा हेतू विचारू नये, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

दोष आकाशातून आलेला नव्हता, तो जमिनीवरच होता. 1969 साली बोशेल या शास्त्रज्ञाने जे मांडले ते कोणत्याही गुराख्याला पटेल. जंगल तोडून शेती रानात घुसली, तिच्यामागोमाग गुरे गेली. मोठी गोचीड गुरांचे रक्त पिऊन अंडी घालते. गुरे स्वतः हा विषाणू वाढवीत नाहीत, पण गोचिडी मात्र उदंड वाढवितात. तिची पिल्ले उंदीर, घुशी, माकडे यांच्यावर जगतात, आणि डिसेंबर ते मे या काळात पाचोळ्यात शिरणाऱ्या माणसाला चावतात. 1983 च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी रान साफ केले तेव्हा तेथे हजारावर माणसे आजारी पडली. ज्यांच्या हातात कोयता होता ती ही माणसे.

बरीच वर्षे हा ताप कर्नाटकाच्या त्याच पट्ट्यात राहिला, आणि शेजारच्या राज्यांनी तो शेजाऱ्याचा मानला. मग 2012 ते 2016 या अवधीत बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशी दक्षिणेकडे आणि गोव्यातली सत्तरी, सिंधुदुर्गातले दोडामार्ग अशी उत्तरेकडे त्याची वाट उमटली. दोडामार्गाच्या रुग्णांचे निदान मणिपालच्या प्रयोगशाळेने, म्हणजे कर्नाटकाने, केले. लसही कर्नाटकाचीच, आणि ती माणसांसाठी असली तरी बनत होती बंगळुरूच्या पशुवैद्यकीय संस्थेत! माणूस आणि जनावर यांची खाती कागदावर कितीही वेगळी असोत, लसीच्या बाटलीत ती एक झाली होती.

पण प्रयोगशाळा एकमेकींशी बोलल्या म्हणून तालुके बोलतातच असे नाही. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. गोचीड चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांनी तो येतो. दोडामार्गचा मजूर गोव्याच्या काजूबागेत कामाला जातो. गोचीड चावते एका राज्यात आणि ताप चढतो दुसऱ्या राज्यात. मग नोंद कोणत्या वहीत? लस होती तेव्हा तिची दुसरी मात्रा महिन्याने घ्यावी लागे, पुढची सहा ते नऊ महिन्यांनी. हंगामी मजूर महिन्याने कोठे असेल हे त्यालाच ठाऊक नसते. मेलेले माकड त्यालाच प्रथम दिसते. त्या जागेभोवती पन्नास मीटर औषध मारावे असा नियम आहे, पण खबर द्यायची वनखात्याला, पशुसंवर्धनाला की आरोग्य केंद्राला? खबर द्यायला गेला तर त्या दिवसाचा रोज बुडतो, तो भरून देण्याची तरतूद आमच्या तरी पाहण्यात आलेली नाही.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात जनावरांशी संबंध येणाऱ्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेले होते. कायदा आंधळा नव्हता. पण भरपाई मागण्यासाठी आधी मालक दाखवावा लागतो, आणि काजू वेचणाऱ्या बाईचे नाव बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नसते. आम्ही संघटनेच्या कामात अशा किती बाया पाहिल्या! ताप कशाचा, हे डॉक्टरने लिहून दिले तरी तो कागद न्यायचा कोणाकडे, हे त्यांना सांगता येत नाही.

2022 साली ती लस परिणामकारक राहिली नाही म्हणून बंद झाली. नव्या लसीचे काम वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले. डिसेंबर आला की पाचोळ्यात गोचिडीची पिल्ले जागी होतात. काजूचा हंगाम त्यांच्या मागोमागच सुरू होतो.