विदुषी कमलाबाई सोहोनी : एका प्रवेशाची कथा

सुरतेहून मुंबईकडे निघाले की उधन्यानंतर भेस्तानचे स्थानक लागते. शेजारीच पांडेसऱ्याचे कापड-कारखाने. त्यांच्या आधाराने खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलामुलींच्या पदव्यांबरोबर नवे प्रश्नही घरात आले. ज्या विभागात शिकलो तेथील वरिष्ठांशीच वाद झाला, तर डॉक्टरेटसाठी पुढे कोणत्या तोंडाने अर्ज करावा, हा त्यांतलाच एक. असा प्रश्न निघाला की आम्हांस कमलाबाई सोहोनी आठवतात.

दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. जन्म १९११, इंदूर. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कारण एवढेच की अर्जदार स्त्री होती. कमलाबाई हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे, आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवू नये! हा अपमान त्यांनी गिळला, पण त्या तो विसरल्या नाहीत. उतारवयातही त्याविषयी स्पष्ट बोलत.

त्याच संस्थेत श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिस्तप्रिय गुरू त्यांना लाभले. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, त्या नियमित विद्यार्थिनी झाल्या, आणि पुढे इतर स्त्रियांनाही ते दार उघडले. १९३६ साली त्या एम.एस्‌सी. झाल्या.

यानंतरचा प्रवेश केंब्रिजचा. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळवून डिसेंबर १९३७ मध्ये त्या तेथे दाखल झाल्या. नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. प्रथम रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याजवळ काम करताना बटाट्यावरील प्रयोगांतून त्यांनी दाखवून दिले की, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते आणि पेशींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो. अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या कथेतून आम्ही एवढेच घेतो. अन्यायाला अन्याय म्हणावे. त्यात गुरुद्रोह नाही. परंतु नव्या दाराशी जाताना हाती द्यायचे ते आपले काम. आणि ज्या वास्तूत एकाने दार लावून घेतले, तेथेच आपले काम डोळ्यांनी पाहिलेला एखादा श्रीनिवासय्याही असतो. त्याला विसरू नये. भेस्तानच्या आमच्या मुलींनी अर्ज लिहायला बसताना आधी तो आठवावा.