वास आला, पण जंतू मेले का?

आमच्या आजीचा हिशेब साधा होता. वास आला म्हणजे जंतू मेले! पावसाळ्यात मोरीत फिनेल ओतलं, की ती उंबऱ्यात उभी राहून लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "झालं, आता काळजी नाही." भावंडांना न्हाणीघरातला तो लाल साबणही आठवत असेल. त्याचा वास कार्बोलिकचा.

तिला हसायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे डॉक्टर जवळपास असाच विचार करत होते.

कार्बोलिक अ‍ॅसिड, म्हणजेच फिनॉल, दगडी कोळशाच्या डांबरातून निघतं. इंग्लंडमधल्या कार्लाइल गावी सांडपाण्याची घाण मारायला ते वापरतात, असं जोसेफ लिस्टर या सर्जनच्या कानावर आलं. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या इस्पितळात गाडीचं चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आला. हाड मोडलेलं, वर उघडी जखम. त्या काळी अशा वेळी पाय कापण्याची तयारी ठेवावी लागे. लिस्टरने कार्बोलिकची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही आणि सहा आठवड्यांत हाडं जुळली. पुढे लिस्टर ऑपरेशनच्या खोलीत कार्बोलिकचे फवारे उडवू लागला. तिथले डॉक्टर त्या वासातच काम करत. पण पट्टीने काम केलं म्हणून फवाराही करतो का? आणि किती औषध, किती वेळ, कुठल्या जंतूंवर? याचं मोजमाप व्हायचं होतं.

ते केलं रॉबर्ट कॉखने, १८८१ मध्ये. त्याची युक्ती मला फार आवडते. काळपुळीच्या जंतूंचे बीजाणू (म्हणजे त्यांचं टणक कवचातलं, झोपी गेलेलं रूप) त्याने रेशमाच्या दोऱ्यांवर वाळवले. दोऱ्यांचे तुकडे औषधात बुडवले, ठरावीक वेळाने बाहेर काढले आणि पोषक जिलेटिनवर ठेवले. जंतू वाढले तर औषध हरलं.

आणि बरीच औषधं हरली! तेलात किंवा अल्कोहोलात कालवलेलं कार्बोलिक बीजाणूंपुढे निकामी ठरलं. पाण्यात कालवलेलं उपयोगी पडलं, पण द्रावण कडक हवं आणि वेळ दिवसांत मोजावा लागे. घरोघरी भरवशाने घातली जाणारी गंधकाची धुरीही बीजाणू मारू शकत नव्हती. वासाचं म्हणाल तर दोन्ही नाकात जाणारी. किंबहुना वास येतो म्हणजे तो पदार्थ थोडाथोडा हवेत निसटतोय. अशा उडणाऱ्या पदार्थाची परीक्षा उघड्या भांड्यात घेतली, तर शेवटी भांड्यात नेमकं किती उरलं, हे कसं सांगणार? बुचाची नळी लागते ती म्हणूनच.

कॉखच्या परीक्षेत पहिला आला पाऱ्याचा क्षार, मर्क्युरिक क्लोराइड. पण १८८९ मध्ये गेपर्टने एक खोच दाखवली. दोरा धुतला तरी त्याला किंचित पारा चिकटून राहतो आणि तोच जिलेटिनवर जंतूंची वाढ रोखतो. त्याने अमोनियम सल्फाइड घालून तो पारा निकामी केला, आणि मेलेले समजलेले जंतू पुन्हा वाढले! जंतू मेले नव्हते, नुसते थांबले होते. या विषयातली सगळी गोम इथे आहे. वाढ थांबणं वेगळं, मरणं वेगळं.

लिस्टरचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याने फवाऱ्याची शिफारस केल्याची लाज वाटते, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

हा फरक नुसता प्रयोगशाळेतला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं गेलं. रोग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. हाफकिनने मुंबईतच प्लेगची लस बनवली. जंतू उष्णतेने मारायचे आणि जपणूक म्हणून अर्धा टक्का कार्बोलिक घालायचं, अशी तिची रीत होती. पुढे पंजाबची मागणी वाढल्यावर कार्बोलिक वगळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली.

ठपका आला हाफकिनवर. कार्बोलिक का वगळलं? प्रश्न रास्तच होता. पण अर्धा टक्का कार्बोलिक म्हणजे बीजाणू मेल्याची हमी नव्हे, हे कॉखच्या दोऱ्यांवरून ताडता आलं असतं. पुढे चौकशीतल्या साक्षींकडे नीट पाहिलं गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. शिवाय बाटली हुंगली तेव्हा घाण वास नव्हता, आणि धनुर्वाताचे जंतू आत वाढलेले असते तर तो यायला हवा होता. म्हणजे बाटली मुंबईहून दूषित आलीच नसावी. १९०७ मध्ये हाफकिनवरचा ठपका पुसला गेला, पण तोवर त्याची पाच वर्षं गेली होती. आणि ती १९ माणसं... त्यांच्या घरच्यांना असल्या निकालाने काय मिळणार होतं?

इथे मात्र नाकानेच साक्ष दिली, हे आजीला आवडलं असतं. फिनेल मी अजूनही टाकतो. फक्त बाटलीवर लिहिलंय तेवढं पाणी घालतो, आणि लगेच धुवून न टाकता थोडा वेळ थांबतो.